फायबरच्या छोट्या होडीवर डाउनरिगर बसवताना: भोक पाडण्याआधीची आणि नंतरची कामं

डाउनरिगर, म्हणजे जड गोळा तारेने खाली सोडून गळ हव्या त्या खोलीवर ओढत नेणारं रीळ-दांड्याचं साधन, हातात आला की त्याच संध्याकाळी ड्रिल काढायची घाई होते. बेसला चार भोकं असतात, होडीच्या काठावर जागा दिसते, चार स्क्रू आवळले की काम फत्ते असं वाटतं. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला किंवा रामटेकजवळच्या खिंडसीला १२ ते १४ फुटी फायबर होड्यांचे काठ नीट न्याहाळा. कुठे भोक लंबगोल झालेलं असतं, कुठे त्याच्याभोवती जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेलेल्या असतात, कुठे बोटाने दाबलं की भोकातून तपकिरी पाणी येतं. ते तपकिरी पाणी म्हणजे आतलं लाकूड कुजायला लागलं.

ही पद्धत १२ ते १५ फुटी होडी आणि हाताने फिरवायचा डाउनरिगर यांच्यासाठी आहे. दोर बांधायची खुंटी किंवा रॉड होल्डर बसवतानाही हाच क्रम चालतो, फक्त जोर कमी येतो.

आधी जोराचा हिशोब करा

गोळा साडेचार किलोचा असतो, म्हणून पुष्कळ जण बेसवर साडेचार किलोचाच भार धरतात. पण आपल्या धरणांच्या पोटात बुडालेली झाडं आहेत, जुने बांध आहेत, विहिरींचे कठडे आहेत. गोळा तिथे अडकला आणि होडी पुढे चालत राहिली, तर तार तुटेपर्यंतचा सगळा ताण बेसवर येतो. डाउनरिगरची नेहमीची तार १५० पौंडांची, म्हणजे सुमारे ६८ किलोंची असते. दांड्याची (तार ज्याच्या टोकावरून खाली जाते त्याची) लांबी ६० सेंटीमीटर धरा आणि बेसच्या बोल्टांमधलं अंतर १० सेंटीमीटर. दांडा टोकाला ६८ किलोंनी खाली ओढला गेला की आतल्या बाजूचे दोन बोल्ट वर उपटायला बघतात, प्रत्येकी साधारण २०० किलोंच्या जोराने.

सहा मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट हा जोर सहज पेलतो. पाच मिलिमीटर जाडीचा फायबरचा काठ छोट्या वॉशरखाली तो पेलत नाही. म्हणून सगळी मेहनत काठाच्या खालच्या बाजूला करायची आहे, आणि स्वतःच्या आट्यांवर फायबर पकडणारे स्क्रू इथे अजिबात वापरायचे नाहीत.

दुसरा हिशोब तोल जाण्याचा. होडीची रुंदी १.४ मीटर असेल तर दांड्याचं टोक होडीच्या मध्यापासून १.३ मीटर लांब पडतं. तिथे ६८ किलो लटकणं म्हणजे जवळजवळ दोन मोठी माणसं एकाच वेळी एकाच काठावर येऊन बसणं. गोळा अडकल्यावर तो सुटून जाण्याची सोय नसेल, तर बेस जितका पक्का तितकी होडी उलटण्याची भीती जास्त. या सोयीबद्दल टप्पा ८ मध्ये सांगितलं आहे. तो टप्पा वगळून पाण्यात जाऊ नका.

कधी करावं

फेब्रुवारी-मार्च, नाहीतर पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये होडीचा गाभा (फायबरच्या थरांमधलं लाकूड) वाळतच नाही, आणि ओल्या लाकडावर इपॉक्सी (दोन भाग कालवल्यावर कडक होणारं रेझिन) धरत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा रेझिन भांड्यातच घट्ट होतं, उन्हात तापलेल्या फायबरवर तर त्याहून लवकर. नाइलाजाने उन्हाळ्यात करावंच लागलं तर होडी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवा आणि रेझिनचं काम सकाळी आठच्या आत उरका. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास होतो. रात्री थंडी पडते आणि इपॉक्सी दोन-दोन दिवस चिकट राहते. तेव्हा दुपारी काम करा आणि वाळायला दुप्पट वेळ द्या.

टप्पा १: जागा ठरवा, तीही होडीत बसून

बेसच्या मापाचा पुठ्ठा कापा, चार भोकं त्यावर उतरवा आणि चिकटपट्टीने काठावर लावा. मग होडीत तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा. उभं राहून नाही, बसूनच. छोट्या होडीत गोळा खाली-वर करायचा तो बसूनच, त्यामुळे रिळाची मूठ पूर्ण फिरवता आली पाहिजे आणि कोपर मोटरच्या टिलरला (वळवायच्या दांड्याला) लागता कामा नये.

नेहमी होणारी चूक म्हणजे मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, अगदी कोपऱ्यात बेस लावणं. होडी चालू असताना तार सरळ खाली राहत नाही, पाण्याच्या ओढीने मागे झुकते. वळण घेताना आतल्या बाजूची तार मोटरखाली यायला बघते, आणि पंख्यात गेलेली स्टीलची तार फार वाईट. ट्रान्समपासून ४५ ते ६० सेंटीमीटर पुढे, बाजूच्या काठावर बेस घ्या आणि दांडा होडीला काटकोनात बाहेर ठेवा.

पुठ्ठा हलवून पुढील गोष्टी बघून घ्या. काठाचा तो भाग वरून सपाट आहे का, खालून हात आणि पाना जातो का, दांडा आत फिरवून ठेवल्यावर होडी ट्रेलरवर चढवताना कुठे अडकत नाही ना, आणि रॉड होल्डर दांड्याच्या इतका जवळ येतो का की बसल्या जागेवरून तारेवरच्या क्लिपमध्ये गळाची दोरी अडकवता येईल.

तपासा: काठाच्या वर बेस, खाली तुमचा हात. हात तिथे पोहोचत नसेल तर बॅकिंग प्लेट (जोर पसरवायला काठाखाली लावायची पाटी) बसवताच येणार नाही. बंद पोकळ काठ असेल तर आतल्या बाजूच्या उभ्या भिंतीत १०० ते १२५ मिलिमीटरचं गोल झाकण बसवून वाट करावी लागते. ते करायचं नसेल तर जागा बदला.

टप्पा २: काठाच्या आत काय आहे ते शोधा

इथे घाई करणारे पुढे महिनोन्महिने पस्तावतात. होडी कोणी बनवली, किती वर्षांची, हे विचारून भागत नाही. एकाच साच्यातल्या दोन होड्यांच्या काठात वेगवेगळं निघतं.

आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने काठ ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर भरीव फायबर किंवा चांगलं लाकूड. बद्द आवाज आला तर थर सुटलेले किंवा आत ओल. मग जिथे बेसचं भोक येणारच आहे अशा एका खुणेवर ३ मिलिमीटरचं ड्रिल हळू चालवा आणि बिटवर काय येतं ते हातावर घेऊन बघा.

पांढरा, पिठासारखा, किंचित चमकणारा भुसा शेवटपर्यंत आला तर काठ भरीव फायबरचा. आधी पांढरा आणि मग तपकिरी भुसा आला तर आत प्लाय किंवा लाकूड. पिवळसर, हलका, स्पंजसारखा चुरा म्हणजे फोम. तपकिरी भुसा दोन बोटांत दाबल्यावर गोळा झाला किंवा बोट ओलं झालं, तर काम तिथेच थांबवा. भोक उघडं ठेवून होडी कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवा, आणि भुसा कोरडा येईपर्यंत पुढे जाऊ नका. लाकूड काळं पडून चुरा होत असेल तर वाळवून उपयोग नाही, तो भाग कापूनच नवा करावा लागतो.

त्याच ३ मिलिमीटरच्या भोकातून वाकवलेली तार घालून काठाची जाडी मोजा आणि लिहून ठेवा. बोल्टची लांबी त्यावरून ठरते.

टप्पा ३: सामान

नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअर बाजारात बहुतेक सगळं मिळतं. फायबरचं सामान (काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिन) वेगळ्या दुकानात घ्यावं लागतं, आणि हिंगणा एमआयडीसीकडचे फायबरचं काम करणारे कारखानदार थोडं थोडं देतात.

बोल्ट ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. गोड्या पाण्याला ते पुरतात. ३१६ ची गरज समुद्रावर. पॉलिश केलेलं लोखंड आणि झिंक चढवलेले बोल्टही दुकानात चमकतात, म्हणून खिशात चुंबक ठेवा. ३०४ ला चुंबक जवळजवळ लागत नाही, फार तर आट्यांपाशी किंचित ओढ जाणवते. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले.

बॅकिंग प्लेटला तीन पर्याय: ५ ते ६ मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट, तेवढ्याच जाडीची ग्लास-इपॉक्सी शीट (ट्रान्सफॉर्मरच्या कामाला वापरतात ती), नाहीतर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय. मला ग्लास-इपॉक्सी शीट सर्वांत आवडते. ती कुजत नाही, गंजत नाही आणि इपॉक्सीने पक्की चिकटते. प्लाय घेणार असाल तर त्यावर ‘आयएस ७१०’ चा शिक्का बघा. मरीन प्लायचं मानक तेच. आयएस ३०३ चा प्लाय पुढे करून ‘वॉटरप्रूफच आहे ना भाऊ, घेऊन जा’ असं सांगणारे भेटतील. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, होडीला नाही. आणि ७१० असला तरी कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद केल्याशिवाय बसवू नका.

प्लेटचं माप बेसपेक्षा चारही बाजूंनी किमान ३ सेंटीमीटर मोठं. कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा फायबरमध्ये रुततो आणि चीर तिथूनच सुरू होते.

सीलंट पॉलीयुरेथेनचं, होडीच्या वापरासाठी दिलेलं. सिकाफ्लेक्स २९१ सारखं चालतं. ३एम चं ५२०० कोणी सुचवलं तर इथे नको. ते कायमचं चिकटतं, उद्या बेस काढायचा झाला तर जेलकोट घेऊन निघतो. बाथरूमचं सिलिकॉन तर मुळीच नको. ते सुटतं, आणि सुटल्यावर त्याचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर पुढे रंग, रेझिन, दुसरं सीलंट काहीच धरत नाही.

शिवाय इपॉक्सी (पाच मिनिटांत सुकणारी नको, सावकाश सुकणारी घ्या), ती घट्ट करायला सिलिका पावडर, ॲसिटोन, ६० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, काउंटरसिंक बिट (भोकाचं तोंड उतरतं रुंद करणारं). डोळ्यांना चष्मा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची धूळ कातडीत घुसली की दोन दिवस खाजते, फुप्फुसात गेली तर प्रश्न खाजण्यापुरता राहत नाही.

टप्पा ४: काठ पातळ असेल तर आधी जाड करा

काठ ६ मिलिमीटरहून पातळ निघाला तर खालून थर चढवायचे. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसल्यावर सुमारे १ मिलिमीटर भरतो. म्हणजे चार मिलिमीटर वाढवायला चार थर.

आधी ॲसिटोनने पुसा, मग घासा. क्रम उलटा केला तर फायबरवरचं मेण पॉलिश पेपरने ओरखड्यांमध्ये भरलं जातं आणि नवा थर सोलपटासारखा निघतो. ६० नंबरने जेलकोट आणि रंग जाऊन खालचा फायबर दिसेपर्यंत घासा, धूळ झाडा, पुन्हा एकदा पुसा. पहिला तुकडा सर्वांत मोठा, नंतरचे प्रत्येकी दीड-दोन सेंटीमीटर लहान. सगळे एकाच मापाचे लावले तर कडेला पायरी तयार होते आणि जोर तिथेच एकवटतो. काम खालून वर असल्याने मॅट लोंबते. एका वेळी दोनच थर लावा, प्लास्टिकचा कागद लावून हाताने हवा बाहेर दाबा आणि घट्ट झाल्यावर पुढचे दोन.

इपॉक्सीने करणार असाल तर ही चटईसारखी मॅट वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे मॅट ताठ राहते आणि आत हवा अडकते. इपॉक्सीसोबत विणलेलं काचेचं कापड घ्या.

सावधान: पॉलिएस्टर रेझिनसोबत दुकानदार दोन छोट्या बाटल्या देतो, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. या दोन बाटल्यांमधला माल एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, एकाच मापट्याने मोजूही नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, आणि वापरायच्या क्षणी हार्डनर घाला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा न घालता बाटली उघडायची नाही. गेलाच तर नळाखाली डोळा धरून सलग पंधरा मिनिटं धुवा आणि तसंच दवाखान्यात जा. ॲसिटोन उघडं असताना आसपास बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको.

टप्पा ५: भोकं

बेसच्या जागी मास्किंग टेपचे दोन थर लावा. बेस ठेवून पेन्सिलने चारही भोकं उतरवा, मग बेस बाजूला काढा. बेसमधूनच ड्रिल घालायचा मोह आवरा, बिट जरा घसरलं की बेसही खराब आणि जेलकोटही.

खुणेवर आधी ३ मिलिमीटरचं बिट उलट फिरवून सुरू करा. उलट फिरणारं बिट जेलकोट चावत नाही, घासत जातं, म्हणून टवका उडत नाही. जेलकोट पार झाला की सुलट फिरवा. खालून लाकडाचा ठोकळा कोणाला तरी दाबून धरायला सांगा, म्हणजे बाहेर पडताना बिट फायबर फाडत नाही. पहिलं भोक पूर्ण करा, त्यात त्याच जाडीचा खिळा टाकून बेस परत ठेवा, बाकीच्या तीन खुणा जुळतात का बघा आणि मगच पुढचं भोक.

भरीव फायबर असेल तर थेट ६.५ मिलिमीटरपर्यंत वाढवा. आत लाकूड किंवा फोम असेल तर अजून वाढवू नका, टप्पा ६ बघा.

शेवटी प्रत्येक भोकाच्या तोंडाशी काउंटरसिंक बिट हलकं फिरवा, जेलकोटच्या खाली जेमतेम एक-दीड मिलिमीटर. याने दोन कामं होतात. बोल्ट आवळताना जेलकोटच्या धारेवर जोर येत नाही, त्यामुळे चिरा जात नाहीत. आणि त्या खळगीत सीलंटची कडी तयार होते, पाणी खरं तीच अडवते. हे न केलेल्या बेसखालचं सीलंट आवळताना सगळं बाहेर येतं आणि मध्ये कागदाएवढाही थर उरत नाही.

टप्पा ६: गाभा असेल तर तो बंद करा

बोल्ट कोरड्या लाकडातून गेला तरी आज ना उद्या सीलंट थकतं आणि पाणी उतरतं. म्हणून बोल्टच्या भोवती लाकूड राहूच द्यायचं नाही.

वरचा थर आणि गाभा यांतून १२ मिलिमीटरचं भोक पाडा, खालचा थर शाबूत ठेवा. बिटवर टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. आकडीसारखा वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आत फिरवला की भोकाच्या कडेचा गाभा आणखी दोन-तीन मिलिमीटर खरवडला जातो. भुसा फुंकून काढा, व्हॅक्युम क्लीनर असेल तर उत्तम. खालच्या थरातलं ३ मिलिमीटरचं भोक टेपने बंद करा.

आता पातळ इपॉक्सी ब्रशने आत लावा. लाकूड ती पिऊन घेतं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लावा. मग उरलेल्या इपॉक्सीत सिलिका पावडर घालून पीनट बटरइतकी घट्ट करा आणि सिरिंजने तळापासून वर भरत या. वरून ओतली तर खाली हवा अडकते आणि नंतर ड्रिल घातल्यावर पोकळी उघडी पडते.

सावधान: उन्हाळ्यात इपॉक्सी थोडी थोडी कालवा आणि पसरट ताटलीत ठेवा. खोल पेल्यात शंभर-दीडशे ग्रॅम तशीच राहिली तर स्वतःच्या उष्णतेने धुमसते, पेला वितळतो.

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे नखाने ओरखडा उठत नाही इतकी कडक झाल्यावर, भरलेल्या जागी मधोमध ६.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि काउंटरसिंक करा. बिटवर आता फक्त इपॉक्सीचा चुरा यायला हवा. तपकिरी भुसा दिसला तर भोक मधून सरकलं आहे, पुन्हा भरावं लागेल. मन मारून भराच.

टप्पा ७: कोरडी जुळणी, मग सीलंट

सीलंटची नळी उघडण्याआधी सगळं एकदा कोरडं जोडून बघा. बेस, बोल्ट, प्लेट, वॉशर, नट. काठ खालून वाकडा असेल तर प्लेट एका कडेवरच टेकते. तशीच आवळली तर काठ प्लेटच्या आकाराला वळतो आणि वरून चिरतो. मधली फट घट्ट इपॉक्सीने भरून प्लेट हलक्या हाताने दाबून बसवा आणि वाळू द्या. नटाबाहेर बोल्टच्या दोन-तीन आट्या उरल्या म्हणजे लांबी बरोबर. जास्त उरली तर आत्ताच कापून कानस फिरवा, नाहीतर जाळं, कपडे आणि पोटऱ्या सगळं तिथे फाटतं.

मग सगळं सोडा, ॲसिटोनने पुसा. बेसच्या कडेने काठावर मास्किंग टेप लावा, नंतर साफसफाई सोपी जाते. बेसखाली आणि प्रत्येक भोकाच्या खळगीत सीलंट घाला, बोल्टच्या डोक्याखाली एक कडी. खालच्या बाजूला प्लेट आणि काठ यांच्यामध्ये सीलंट लावू नका. वरून पाणी आलंच तर ते खालून टिपकून दिसलं पाहिजे, खालूनही बंद केलं तर गाभ्यातच मुरत राहील.

आट्यांना किंचित ग्रीस लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस वेगाने फिरला की नट जाम होतो, मग पुढे सरकत नाही आणि मागेही येत नाही, बोल्ट कापावा लागतो. म्हणून इम्पॅक्ट ड्रिल बाजूला ठेवा आणि हातानेच आवळा. वरून बोल्टचं डोकं स्क्रू-ड्रायव्हरने पक्कं धरा, फिरवायचा तो फक्त खालचा नट. डोकं फिरलं तर सीलंटची कडी तुटते.

चारही नट आळीपाळीने, समोरासमोरचे, सीलंट चारही कडांनी सारखं बाहेर येईपर्यंत आवळा आणि थांबा. शेवटचा पिळ सीलंट वाळल्यावर द्यायचा, अर्धा वळसा पुरतो. पॉलीयुरेथेन हवेतल्या दमटपणाने वाळतं. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरची साय धरते पण आतलं कच्चं राहतं, म्हणून तेव्हा नळीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन दिवस जास्त द्या.

टप्पा ८: तार, गोळा आणि सुटण्याची सोय

रिळावर कारखान्याची ६० मीटर तार असली तरी आपल्याकडे तेवढी लागत नाही. उन्हाळ्यात खोल जलाशयात वरचं गरम आणि खालचं थंड पाणी मिसळत नाही, तळच्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, मासे तिथे थांबत नाहीत. तळाशी गोळा फरफटवून अडकण्यापलीकडे काही होत नाही. फिश फाइंडरवर तळ बघून गोळा त्याच्या दोन-तीन मीटर वर ठेवायची सवय लावा.

तारेच्या टोकाला फास करून दोन स्लीव्ह (धातूच्या छोट्या नळ्या) दाबा, एकावर विसंबू नका. गोळ्याच्या वर अर्धा-एक मीटरवर अडकणी मणी लावा. घाईत मूठ फिरवताना गोळा दांड्याच्या कप्पीवर आपटून तार तुटते, मणी ते टाळतो.

आता मुख्य गोष्ट. तार आणि गोळा यांच्यामध्ये १५ ते २० किलोंना तुटणाऱ्या नायलॉन दोरीचा वीतभर तुकडा बांधा. गोळा अडकला की हा तुकडा तुटतो, गोळा जातो, होडी आणि माणसं राहतात. साडेचार किलोंच्या गोळ्याला एवढी दोरी भरपूर. गोळा महाग म्हणून थेट तारेला बांधणारे पुष्कळ आहेत. त्यांनी वरचा दोन माणसांचा हिशोब पुन्हा वाचावा.

सोबत रिळाचा क्लच ढिला ठेवा. गोळ्याला हाताने खाली ओढून बघा, आठ-दहा किलोंच्या ओढीला रीळ घसरायला हवं. आकडीच्या वजनकाट्याने हे घरीच मोजता येतं. तार कापायचा कटर दोरीने बांधून हाताशी ठेवा, पेटीत नाही.

टप्पा ९: आधी जमिनीवर, मग पाण्यात

ट्रेलरवर होडीच्या त्या बाजूखाली टेकू द्या, नाहीतर चाचणीतच होडी कलंडेल. बेसभोवती पेन्सिलने रेघ मारा. रिळाचा क्लच पूर्ण आवळा आणि दांड्याच्या टोकाला मजबूत दोरीने पाण्याचा २० लिटरचा कॅन टांगा, म्हणजे २० किलो. पाच मिनिटं थांबून दुसरा. दांड्याला कारखान्याने दिलेली मर्यादा कमी असेल तर तिथेच थांबा. बेस रेघेवरून हलला का, जेलकोटला नवीन चीर गेली का, प्लेटची कड काठापासून सुटली का, ते टॉर्च धरून बघा. नवी चीर म्हणजे खालची प्लेट लहान पडली किंवा नीट टेकलेली नाही. सीलंट थापून ती झाकू नका, सोडून पुन्हा करा.

पाण्यासाठी बेसभोवती मळलेल्या कणकेचा बांध घाला आणि आत पाणी भरा. खालून नटांना खडूची पूड चोळून ठेवा. अर्ध्या तासाने पूड ओली दिसली तर त्याच बोल्टचं सीलंट फसलं आहे.

चाचणी झाल्यावर क्लच पुन्हा टप्पा ८ मध्ये सांगितल्याइतका ढिला करा. विसरायची जागा हीच.

पाण्यात पहिल्यांदा उथळ, मोकळ्या भागात जा, जिथे तळाला झाडं नाहीत हे माहीत आहे. परवानगी आधी घ्या. आपल्याकडचे बहुतेक तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आणि तिथल्या ढिवर बांधवांना तळाचा नकाशा तोंडपाठ असतो, त्यांना विचारल्याशिवाय गोळा सोडू नका. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे.

लाइफ जॅकेट अंगात, पेटीत नव्हे. वेग ताशी तीन-चार किलोमीटर. वळण रुंद घ्या, तार मोटरकडे झुकते का यावर एकाने नजर ठेवा. गोळा अडकला असं वाटलं की मोटर न्यूट्रल करा, रिळाचा क्लच सोडा, होडी मागे आणून तारेच्या वर या आणि उलट बाजूने हलकं ओढा. काठाकडे वाकून दोघांनी मिळून ओढायचं नाही. तेव्हाच होडी कलते.

घरी आल्यावर चारही नटांना पाना लावून बघा, पहिल्या फेरीनंतर एखादा पाव वळसा घेतो. मग दर दोन-तीन महिन्यांनी. पावसाळ्यात होडी झाकून ठेवताना दांडा आणि रीळ काढून घरात न्या, बेसच्या वरच्या भोकात कापडाचा बोळा कोंबा, आणि दिवाळीनंतर पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी कणकेची आणि खडूची चाचणी एकदा करून घ्या.